आधी पेज, मग पाटी : केडगावच्या मुक्ती मिशनमधील शिक्षण आणि आरोग्य

पूर्वपीठिका

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून आनंदीबाई गोपाळराव जोशी एम. डी. झाल्या. आनंदीबाईंचे माहेर कल्याणच्या जोशांचे. त्यामुळे कल्याण-मोहने परिसरातल्या वाचकाला या इतिहासाचे एक टोक घरचेच वाटेल. त्या समारंभासाठी इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या पाहुण्यांत लहानग्या लेकीला, मनोरमेला, घेऊन आलेल्या पंडिता रमाबाई होत्या. दोघींचे नाते होतेच. त्याहून जवळचा धागा असा, की रमाबाईंनाही डॉक्टर व्हायचे होते. १८८३ साली त्या इंग्लंडला निघाल्या तेव्हा वैद्यक शिकण्याचा बेत मनात होता. पण कानांनी साथ दिली नाही. ऐकू कमी येऊ लागले आणि तो रस्ता बंद झाला. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवले आणि स्वतः इंग्रजी, गणित व निसर्गविज्ञान यांचा अभ्यास केला.

आनंदीबाई परतल्या त्या आजार घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या हातून रुग्णसेवा व्हायची राहून गेली. रमाबाई डॉक्टर झाल्या नाहीत. पण पुढे त्यांनी जी संस्था उभारली तिच्यात शाळा आणि शुश्रूषा यांच्यामध्ये भिंत कधी राहिली नाही. केडगावच्या मुक्ती मिशनचा इतिहास शिक्षणसंस्थेचा म्हणून सांगितला जातो, धर्मकार्याचा म्हणूनही सांगितला जातो. इथे तो मुलींच्या शरीराची काळजी आणि मुलींचा अभ्यास या दोन गोष्टी एकाच हातांनी कशा केल्या गेल्या, या बाजूने मांडला आहे.

दोन मागण्या, एकच साक्ष

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, त्यापायी लोकनिंदा सोसली. आईने ती विद्या मुलीला दिली. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब भटकत असताना दुष्काळ पडला. १८७४ च्या सुमारास आई-वडील आणि पाठोपाठ थोरली बहीण गेली. भूक म्हणजे काय ते रमाबाईंना अंगावर काढून ठाऊक होते. पुढे कलकत्त्याला विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. भाऊ श्रीनिवास आणि पती बिपिनबिहारी मेधावी यांच्या मृत्यूनंतर, १८८२ साली, त्या लहान मुलीला घेऊन पुण्यास आल्या.

त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. विद्येची थोरवी सांगणारे हे पुस्तक गृहकृत्ये आणि मुलांचे संगोपन यांनाही तितक्याच गांभीर्याने घेते. त्याच सुमारास शिक्षणाची पाहणी करणारा हंटर आयोग पुण्यात आला. रमाबाईंनी त्यापुढे मराठीत साक्ष दिली. मुलींच्या शाळांना शिक्षिका हव्यात, त्या शाळा तपासायला स्त्रियाच हव्यात, आणि स्त्रियांना वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश हवा, असे त्यांनी सांगितले. शेवटच्या मागणीमागचे कारण रोखठोक होते. पुरुष डॉक्टरपुढे दुखणे बोलता येत नाही म्हणून बायका मुकाट मरतात, हे त्यांनी पाहिले होते. शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर या दोन मागण्या त्यांनी एकाच श्वासात केल्या, आणि पुढच्या चाळीस वर्षांच्या कामाची दिशा त्यात दिसते.

मराठी मुलुखात मुलींची शाळा तोवर नवी राहिली नव्हती. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८२४ साली मुलींची शाळा काढली; १८२७ साली आलेल्या सिंथिया फरार यांनी आधी मुंबईत आणि १८३९ पासून अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले यांनी नगरची ती शाळा पाहिली होती आणि तिचा त्यांच्यावर परिणाम झाला होता. पण या शाळांत येणारी मुलगी संध्याकाळी घरी जात असे. जिला घरच उरले नाही अशा मुलीचे काय करायचे, हा प्रश्न शिल्लक होता.

शारदासदन

सप्टेंबर १८८३ मध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला होता. १८८६ ते १८८८ या काळात त्यांनी अमेरिका पालथी घातली. बालोद्यान पद्धती, म्हणजे फ्रोबेलची किंडरगार्टन, त्यांनी नीट शिकून घेतली आणि मराठी वाचनमालेची तयारी सुरू केली. दारूबंदीच्या चळवळीतल्या फ्रान्सेस विलार्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. त्या चळवळीच्या रेट्याने तेव्हा अमेरिकेत एकेका राज्यात शरीरशास्त्र आणि आरोग्य हा विषय शाळेत सक्तीचा होत होता. व्हरमाँट राज्याने १८८२ मध्ये तसा कायदा केला होता. मुलाने शाळेत आपल्या शरीराची ओळख करून घ्यावी, ही कल्पना तिकडे नवीनच मूळ धरत असताना रमाबाई तिथल्या शाळा पाहत होत्या.

'द हाय-कास्ट हिंदू वुमन' या त्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी. पुस्तक गाजले, पैसा उभा राहू लागला. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांसाठी रमाबाई काढणार असलेल्या निवासी शाळेचा खर्च दहा वर्षे चालवण्याचे वचन तिने दिले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ही शाळा शारदासदन या नावाने उघडली. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. समारंभाच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. आनंदीबाईंचे मराठी चरित्र त्यांनीच लिहिले. सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि महाराष्ट्र त्यांना आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे या नावाने ओळखू लागला. लग्नानंतर बायांनी नागपूरला जाऊन सुईणपणाचे शिक्षण घेतले. शारदासदनात अक्षरओळख झालेली विधवा पुढे बाळंतपणे करायला शिकते, आणि तिच्याच घरातून कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाचे काम वाढते. संस्थेचे पहिले फळ असे संस्थेबाहेर रुजले.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्यास हलले. शिक्षण, निवास आणि सोवळ्याओवळ्याची सोय या तिन्हींची काळजी घेतली जात होती. ब्राह्मण विधवांच्या जेवणाची व्यवस्था त्यांच्या आचाराप्रमाणे होती. पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती, त्यांची प्रार्थनेची खोली उघडी, आणि काही मुली तिथे जाऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. संस्थेचा इतिहास लिहिताना हा वाद झाकण्याचे कारण नाही. सल्लागारांचा आक्षेप विश्वासाचा होता. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी माझा धर्म लपवणार नाही आणि मुलींना अडवणारही नाही. त्या वादानंतर संस्थेची वाट उघडपणे ख्रिस्ती झाली. पुण्यातल्या सुधारकांचा आधार सुटला, आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याची निकड आली. सदनाला उत्पन्न हवे म्हणून पुण्याच्या पूर्वेला, रेल्वेच्या काठी केडगावला जमीन घेण्यात आली. विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. कल्याणहून घाट चढून पुण्याला गेलेली रेल्वे पुढे दौंडच्या अलीकडे याच केडगावला थांबते.

दुष्काळ, प्लेग आणि मुक्ती

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व बायका घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. अधिकाऱ्यांनी शारदासदनात नवी माणसे आणायला मनाई केली. तेव्हा दुष्काळातल्या या मुली केडगावच्या शेतावर, तंबूंत आणि झोपड्यांत राहायला गेल्या. मुक्ती मिशनचा जन्म असा साथीच्या नियमातून झाला.

प्लेगच्या बंदोबस्ताबद्दल रमाबाई गप्प बसल्या नाहीत. १८९७ मध्ये त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात पत्र लिहून पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळातील गैरव्यवस्था आणि तिथे स्त्रियांच्या सुरक्षिततेची होणारी हेळसांड चव्हाट्यावर मांडली. तो विषय विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला आणि सरकारने आरोप नाकारले. त्या ख्रिस्ती आहेत म्हणून सरकारची बाजू घेतील, असे ज्यांना वाटत होते त्यांना हे पत्र म्हणजे उत्तर होते. रोगाचा बंदोबस्त करताना रोग्याची अब्रूही सांभाळली पाहिजे, एवढे त्यांचे म्हणणे होते.

सप्टेंबर १८९८ मध्ये केडगावच्या नव्या इमारतींचे समर्पण होऊन संस्थेला 'मुक्ती' हे नाव मिळाले. श्वास घ्यायला फुरसत नव्हती. लगेच गुजरातेत छप्पनिया, म्हणजे संवत १९५६ चा दुष्काळ आला. तिकडून शेकडो मुली आल्या आणि केडगावची वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

पहिला धडा शरीराचा

दुष्काळातून आलेली मुलगी शाळेच्या दारात कशी उभी राहत असेल, ते समजून घेतल्याशिवाय इथल्या शिक्षणाची घडण कळत नाही. पोट फुगलेले, हातपाय काड्या. तोंडात फोड आल्याने घास गिळवत नाही. केसांत जटा आणि उवा, अंगावर खरूज. भूक इतकी, की दिसेल ते ओरबाडावे, आणि उपाशी पोट असे, की एकदम भरपेट जेवण दिले तर जीव जायचा. अशा मुलीला थोडे थोडे, पातळ, वरचेवर द्यावे लागते. नुसत्या मायेने ते साधत नाही, त्याला शिस्त लागते. कितीतरी मुली इथवर पोचूनही वाचल्या नाहीत. वाचल्या त्यांना आधी आंघोळ, स्वच्छ लुगडे, वेळेवर जेवण आणि झोप यांची सवय लावावी लागली. उद्याही जेवण मिळणार आहे, हा भरवसा बसायलाच पुष्कळ दिवस जात.

हे काम करायला परिचारिकांची फौज नव्हती. ते केले शारदासदनात शिकलेल्या जुन्या मुलींनी. पुण्याहून आलेल्या थोरल्या विद्यार्थिनींकडे नव्या मुलींचे गट सोपवले गेले. त्यांना न्हाऊ-माखू घालणे, त्यांची दुखणी काढणे आणि त्यांना अक्षर गिरवायला लावणे ही एकाच बाईची जबाबदारी. यांतल्या बहुतेक स्वतः बालविधवा. ज्यांच्या सावलीचाही घरोघरी विटाळ मानला जाई, त्या आता परक्या जातीच्या, परक्या बोलीच्या मुलींच्या उवा काढत होत्या. जातीवर व्याख्यान न देता संस्थेने तो धडा हातांना दिला.

मुक्तीच्या यशाचे गमक मला इथे दिसते. पैसा परदेशातून येत होता, मिनी एब्रम्स यांच्यासारख्या परदेशी सहकारी जिवापाड राबत होत्या, पण दोन हजारांचा संसार त्यांच्या भरवशावर चालला नसता. काल शिकलेल्या मुलीने आज आलेल्या मुलीला सांभाळायचे, या एका नियमावर तो चालला. आरोग्याचे शिक्षण इथे वहीत कमी आणि वागण्यात जास्त होते, आणि ते देणारी बाई स्वतः त्यातून गेलेली असल्यामुळे तिच्या बोलण्याला वजन होते.

शाळा, उद्योग आणि छापखाना

अभ्यासाची रचना पायरी-पायरीने होती. लहानांसाठी बालोद्यान, वरच्यांसाठी मराठी इयत्ता, हुशार मुलींसाठी इंग्रजी आणि शिक्षिका तयार करणारा वर्ग. मुली हिंदी, मराठी, गुजराती अशा निरनिराळ्या बोली बोलणाऱ्या. वयाने वाढलेल्या पण पाटी न पाहिलेल्या. वयाप्रमाणे इयत्ता ठरवणे शक्यच नव्हते. अर्धा दिवस अभ्यास आणि अर्धा दिवस हातकाम, असा मेळ घालावा लागे. शेती, गोठा, तेलघाणा, विणकाम, शिवण, भरतकाम, धुलाई, भटारखाना ही सगळी खाती मुली आणि बायकाच चालवत. बाहेरून पाहणाऱ्याला हा उद्योगशाळेचा पसारा वाटेल. त्यातून वस्तीला स्वच्छ कपडे, दूध आणि ताजी भाजी मिळत होती, म्हणजे आरोग्याची अर्धी लढाई तिथेच लढली जात होती. विहिरींचे पाणी हे त्यातले सर्वांत मोठे भांडवल.

छापखाना हा या शाळेचा सर्वांत वरचा वर्ग म्हणायला हरकत नाही. देवनागरीची केस म्हणजे काही शे खिळ्यांचे घर. काना-मात्रा, जोडाक्षरे, अर्धी अक्षरे यांचे वेगवेगळे कप्पे. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. जिने चौदाव्या-पंधराव्या वर्षी 'ग म भ न' गिरवले, तिने ते उलटे अक्षर सुलट वाचायचे, ओळ जुळवायची, मुद्रित तपासायचे आणि पुन्हा प्रत्येक खिळा आपल्या कप्प्यात टाकायचा. मुक्तीच्या बायकांनी मराठीबरोबर हिब्रू आणि ग्रीक खिळेही जुळवले. कारण रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले होते, आणि ते अल्पशिक्षित बाईला समजेल अशा सोप्या मराठीत हवे होते. दीर्घ वर्षांचे ते काम त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या दिवसांत पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या; ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.

जिला शाळेत बसवणे इतरांनी अशक्य मानले असते तिच्यासाठीही जागा करण्यात आली. आंधळ्या मुलींसाठी बरतिमी सदन, वृद्ध आणि दुर्बळ बायकांसाठी प्रीतिसदन, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन. बोटांनी वाचायची ब्रेल लिपी मनोरमाबाईंनी इथल्या आंधळ्या मुलींपर्यंत आणली. मनोरमाबाईंचे शिक्षणातले काम केडगावपुरते नव्हते. गुलबर्ग्याला त्यांनी मुलींची शाळा उभारली. आईच्या आधी काही महिने, २४ जुलै १९२१ रोजी त्यांचे निधन झाले आणि संस्थेच्या पुढच्या पिढीची आखणीच कोलमडली.

रमाबाईंच्या पश्चात

संस्थापक आणि उत्तराधिकारी वर्षभराच्या आत जाणे हा आघात कुठल्याही संस्थेला झेपणारा नसतो. मुक्ती टिकली, कारण रोजचा कारभार सांभाळणाऱ्या बायका घरातूनच तयार झाल्या होत्या. परदेशी आणि भारतीय सहकाऱ्यांनी व्यवस्थापन हाती घेतले. दुष्काळ सरले, तशा येणाऱ्या स्त्रियाही बदलल्या. टाकून दिलेल्या तान्ह्या मुली, परित्यक्ता, घरात नकोशा झालेल्या अपंग स्त्रिया यांचे ते घर बनले. शाळा चालू राहिली आणि दवाखान्याचे रुग्णालय झाले. त्या रुग्णालयाचा आधार केडगावच्या पंचक्रोशीलाही मिळाला. १९८९ साली भारत सरकारने रमाबाईंच्या नावे टपाल तिकीट काढले, ते शारदासदनाचे शताब्दी वर्ष होते.

महाराष्ट्रातल्या इतर ख्रिस्ती संस्थांचे शिक्षण आणि आरोग्य यांचे गणित बहुधा वेगळे होते. डॉ. विल्यम वान्लेस यांनी मिरजेला १८९४ मध्ये रुग्णालय उघडले आणि त्याला धरून परिचारिकांचे व वैद्यकाचे शिक्षण वाढले. तिथे दवाखाना आधी आणि शाळा नंतर. केडगावला दोन्ही एकाच अंगणात, एकाच बायकांच्या हाती होते. या विचाराशी जवळचे नाते सांगणारे काम पुढे १९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केले. गावातल्या निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले, बाळंतपण आणि बालकांचे पोषण त्यांच्या हाती दिले. १९७९ साली त्या दांपत्याला रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकलेलीने शेजारणीला शिकवायचे, हा केडगावचा नियम तिथेही खरा ठरला.

आजच्या शाळांपुढे

आज कल्याण, आंबिवली, मोहने या पट्ट्यातल्या शाळांत दुष्काळातून उचलून आणलेली मुलगी येत नाही. पण डबा न आणलेली, रक्त कमी असलेली, पाळीच्या दिवसांत घरी बसणारी, फळ्यावरचे दिसत नाही हे कुणाला न सांगणारी मुलगी पाचवी ते आठवीच्या प्रत्येक वर्गात असते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळेत तपासणीचे पथक येते, वजन-उंची मोजते, दोष असल्यास पुढे पाठवते. ही सोय मोलाची आहे. तरीही पथक वर्षातून थोडेच दिवस शाळेत असते. उरलेल्या दिवसांत त्या मुलीकडे पाहणारे डोळे वर्गशिक्षिकेचे आणि शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचे असतात.

केडगावचा इतिहास या ठिकाणी कामाला येतो. तिथे आरोग्याचा तास वेळापत्रकात कुठे होता, हे शोधत बसण्यापेक्षा ते काम कुणाकडे सोपवले होते, ते पाहावे. वरच्या वर्गातल्या मुलीकडे खालच्या वर्गातल्या चारदोन मुली सोपवाव्यात. तिने त्यांची नखे पाहावी, डबा पाहावा, डोळे चोळणारीला शिक्षिकेकडे न्यावे, आणि जाता जाता पाढेही म्हणून घ्यावेत. याला वेगळे अनुदान लागत नाही, तज्ज्ञही लागत नाही. जबाबदारी मिळालेली मुलगी स्वतः शिकते, हा त्यातला दुहेरी लाभ. हंटर आयोगापुढे केलेल्या मागण्यांपैकी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर आपल्याला मिळाल्या. त्या दोघींच्या मधली जागा भरणाऱ्या मुली रमाबाईंनी आपल्या शाळेतच घडवल्या, आणि तेवढे काम कोणतीही शाळा येत्या जूनपासून सुरू करू शकते.